पातेल्यातला रस

पालेभाजी म्हटली की मराठी स्वयंपाकघरात हात आपोआप एका रीतीने चालतात. जुडी निवडायची, धुवायची, चिरायची, लसणाची खमंग फोडणी करायची आणि दहा-पंधरा मिनिटांत आच बंद करायची. मेथी, चवळई, पालक, शेपू या सगळ्यांना ही रीत लागू पडते. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी घरांत दुकानातून कॉलर्डची जुडी येते, तेव्हा तिलाही अनेकदा हीच वागणूक मिळते. कोबीच्या बाहेरच्या पानासारखे दिसणारे, हातभर लांब, मेणचट निळसर-हिरवे पान जाडसर चिरून फोडणीला पडते. पंधरा मिनिटांनी ते चावताना चामड्यासारखे लागते आणि जिभेवर कडसर चव रेंगाळते. मग एक तर भाजीच वाईट ठरते, नाही तर ती दोन-दोन तास उकळत ठेवणाऱ्या अमेरिकेच्या दक्षिणेतल्या लोकांना पालेभाजी शिजवता येत नाही, असे ठरते. हा दुसरा निकाल फक्त आपला नाही. भाजीचा हिरवा रंग आणि तिच्यातली जीवनसत्त्वे एवढ्याच मापाने स्वयंपाक मोजणाऱ्यांनी तो वर्षानुवर्षे दिला आहे. ही प्रस्तावना त्या निकालाच्या विरोधात आहे. माझे म्हणणे असे की निकाल देणारे चुकीची वस्तू चाखतात. आफ्रिकन-अमेरिकन घरांत ज्याला नुसते ‘ग्रीन्स’ म्हणतात तो पदार्थ म्हणजे पान नव्हे. पान, ते ज्यात शिजले तो रस आणि तो रस टिपून घेणारा मक्याचा ब्रेड मिळून तो पदार्थ होतो. यातला रस बाजूला काढून केलेली कोणतीही परीक्षा अर्ध्या पदार्थाचीच असते.

आधी झाडाबद्दल. कोबी, फुलकोबी, ब्रोकोली, नवलकोल आणि केल ही सगळी ज्या एका वनस्पतीची रूपे आहेत, तिचेच कॉलर्ड हे गड्डा न धरणारे रूप. मूळ भूमध्य समुद्राच्या परिसरातले. ग्रीक आणि रोमन लोकांना या जातीच्या बिनगड्ड्याच्या भाज्या ठाऊक होत्या. ‘कॉलर्ड’ हे नाव ‘कोलवर्ट’ या जुन्या इंग्रजी शब्दाचा अपभ्रंश आहे आणि त्या शब्दाचा अर्थ साधारणपणे कोबीवर्गातली पालेभाजी एवढाच. गड्डा नसल्यामुळे झाड एकदाच कापून संपत नाही. खालची पाने खुडत जावीत, वरून नवी येत राहतात, आणि एकच खोड महिनोन्महिने घर चालवते. थंडीही ते सोसते. गारठा पडू लागला की कोबीवर्गातल्या भाज्या आपल्या पेशींत साखर वाढवतात, त्यामुळे पेशींतले पाणी सहजी गोठत नाही. म्हणूनच पहिले दंव पडून गेल्यावर खुडलेली पाने गोड लागतात, असे जॉर्जिया आणि कॅरोलायनाचे शेतकरी सांगतात ते अगदी खरे आहे. भारतातही या पानाचे सख्खे भावंड आहे. काश्मिरी घरांत रोज शिजणारे हाख याच जातीचे. मोहरीचे तेल, हिंग, मिरची आणि भरपूर पाणी एवढ्यावर ते शिजते, आणि त्याचा पातळ रस भातावर घेतला जातो. रसाशिवाय हाख वाढले तर काश्मिरी माणसाला ताट अपुरे वाटेल. हा दाखला मी पुढे पुन्हा वापरणार आहे.

अमेरिकेच्या दक्षिणेत या पानाला जो अर्थ मिळाला तो गुलामगिरीच्या काळात. फ्रेडरिक डग्लस हे गुलामगिरीतून निसटून पुढे तिच्याविरुद्ध लढणारे मोठे वक्ते झाले. 1845 साली छापलेल्या आपल्या आत्मकथनात त्यांनी मेरीलँडमधल्या मळ्यावरचा शिधा नोंदवून ठेवला आहे: मोठ्या माणसाला महिन्याला आठ पौंड डुकराचे मांस किंवा तेवढ्याच मोलाची मासळी, आणि एक बुशेल मक्याचे पीठ. आठ पौंड म्हणजे सुमारे 3.6 किलो, दिवसाला 120 ग्रॅम, आणि तेही खारवलेले, चरबीने भरलेले, खालच्या प्रतीचे. सूर्योदयापासून अंधार पडेपर्यंत शेतात राबणाऱ्या माणसाचे पोट या मांसाच्या तुकड्याने भरणे शक्य नव्हते. त्याची चव मात्र सगळ्या भांड्याला देता येत होती. शिध्यात भाजी नव्हतीच. अनेक मळ्यांवर गुलामांना खोपटाशेजारी लहानसा तुकडा कसायची मुभा असे. रात्री किंवा रविवारी, मालकाचे काम संपल्यावर, तिथे जे पिकेल ते त्यांचे. अशा तुकड्यात, हिवाळ्यात दुसरे काही हिरवे नसताना, खालून खुडत राहता येणारे कॉलर्ड किती मोलाचे असेल हे वेगळे सांगायला नको. एक भांडे, एक चूल, खारे मांस, बागेतला पाला आणि मक्याचे पीठ. या पदार्थाचा ढाचा इतक्या थोड्या वस्तूंतून उभा राहिला.

पण टंचाईने फक्त साहित्य ठरवले. ते कसे शिजवायचे हे माणसांना आधीपासून येत होते. पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या स्वयंपाकात पालेभाजीला मध्यवर्ती स्थान आहे. राजगिऱ्याच्या जातीचा पाला, चवळीची पाने, रताळ्याची पाने, तागाच्या जातीतली बुळबुळीत पाने अशा कितीतरी पाल्यांचे कालवण तिथे होते. त्यात धुरावलेली किंवा सुकवलेली मासळी चवीपुरती असते, तिखट असते, आणि ते कालवण कंदाच्या किंवा धान्याच्या घट्ट गोळ्याबरोबर, रस टिपत, हाताने खाल्ले जाते. जेसिका बी. हॅरिस आणि मायकेल ट्विटी या आफ्रिकन-अमेरिकन अन्न-इतिहासकारांनी हा धागा सविस्तर उलगडून दाखवला आहे. कॉलर्डचे भांडे त्याशेजारी ठेवून पाहावे. धुरावलेल्या मासळीच्या जागी धुरावलेले डुकराचे हाड आले, राजगिऱ्याच्या जागी कॉलर्ड आले, कंदाच्या गोळ्याच्या जागी मक्याचा ब्रेड आला. वस्तू सगळ्या बदलल्या, जेवणाची घडण तीच राहिली.

यावर एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो वजनदार आहे. कॉलर्ड आफ्रिकेचे नाही, ते युरोपियनांनी आणले. इंग्रज शेतकरीही शतकानुशतके पाला आणि खारवलेले डुक्कर एकत्र उकळून खात होते. दक्षिणेतले गरीब गोरेही हेच खात आले, आजही खातात. साउथ कॅरोलायना राज्याने 2011 साली कॉलर्डला राज्याची भाजी म्हणून मान दिला तो काही एका समाजापुरता नव्हता. मग याला कृष्णवर्णीयांचा पदार्थ का म्हणायचे? यातले प्रत्येक विधान मला मान्य आहे. मात्र त्यांतून निघणारा निष्कर्ष मान्य नाही. बटाटा दक्षिण अमेरिकेतून आला म्हणून बटाट्याची भाजी पेरू देशाची ठरत नाही. पदार्थाची मालकी बियाण्याच्या जन्मगावावरून ठरत नाही. ते बियाणे कोणाच्या हाताखाली काय झाले यावरून ठरते. दक्षिणेत हे हात कोणाचे होते? मळ्यावरच्या मोठ्या घरातल्या स्वयंपाकघरातही चुलीपुढे बहुधा गुलाम स्त्रीच उभी असे. म्हणजे गोऱ्या मालकाच्या टेबलावर जी भाजी जात होती तीही अनेकदा काळ्या हातांनी शिजवलेली होती. इंग्रजी पाला-डुकराची सवय आणि आफ्रिकी कालवणाची सवय त्या एकाच चुलीवर मिसळल्या. त्या वेगळ्या काढता येणार नाहीत आणि काढायची गरजही नाही. पण मिसळणारी व्यक्ती कोण होती हे मात्र विसरून चालणार नाही.

आणि ते विसरले गेलेच. भांड्यातल्या रसाला दक्षिणेत ‘पॉट लिकर’ म्हणतात, म्हणजे पातेल्यात उतरलेला अर्क. मोठ्या घरात पाने मालकाच्या टेबलावर जात आणि उरलेले पाणी स्वयंपाकघरात राही, ते गुलाम आपल्या मुलांना पाजत, असे पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते. 1931 सालच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये हाच रस राजकारणाचा विषय झाला. लुइझियानाचे गव्हर्नर ह्यूई लाँग यांनी जाहीर केले की मक्याची भाकरी पॉट लिकरमध्ये बुडवून खावी. ‘अटलांटा कॉन्स्टिट्यूशन’ या दैनिकाने उत्तर दिले की बुडवायची नाही, कुस्करायची. काही आठवडे तारा, पत्रे आणि अग्रलेख सुरू राहिले, देशभरच्या वाचकांनी बाजू घेतल्या. 1935 साली तेच लाँग सेनेटमध्ये पंधरा तासांहून जास्त काळ बोलत उभे राहिले, तेव्हा त्यांनी वेळ भरायला पॉट लिकरची कृतीही सांगितली. भाकरी आमटीत कुस्करायची की बुडवायची हा वाद समजायला मराठी माणसाला कोणी शिकवावे लागत नाही, आणि त्या वादातली माया मला खोटी वाटत नाही. मात्र त्यात एक गोष्ट सलते. हा रस सगळ्या दक्षिणेचा वारसा म्हणून मिरवला गेला, आणि ज्या माणसांकडे तो उरले-सुरले म्हणून आला होता त्यांना तेव्हा दक्षिणेच्या बहुतेक भागात मत देण्याचाही हक्क प्रत्यक्षात नव्हता.

कृष्णवर्णीयांच्या या जेवणाला मिळालेले ‘सोल फूड’ हे नाव त्यानंतरचे. 1910 ते 1970 या साठ वर्षांत सुमारे साठ लाख कृष्णवर्णीय माणसे दक्षिण सोडून शिकागो, डेट्रॉइट, न्यूयॉर्क, लॉस एंजलिस अशा शहरांत गेली. तिथे कॉलर्ड परसात उगवत नव्हते. ते शोधून आणावे लागे. शोधून आणलेली वस्तू गावाकडची आठवण होते, आणि आठवणीला नाव लागते. 1960 च्या दशकात, नागरी हक्कांची चळवळ भरात असताना, हे नाव रूढ झाले. तेव्हा लेरॉय जोन्स या नावाने लिहिणारे कवी अमिरी बराका यांनी 1966 च्या आपल्या निबंधसंग्रहात ‘सोल फूड’ नावाचाच निबंध ठेवला. कृष्णवर्णीय अमेरिकनांची स्वतःची अशी पाकपरंपरा नाही, या समजाला ते उत्तर होते. पण विरोधही त्याच समाजातून आला. ‘नेशन ऑफ इस्लाम’ या संघटनेचे नेते एलायजा मुहम्मद यांनी 1967 साली आहारावर पुस्तक लिहिले आणि डुकराबरोबरच गुलामगिरीच्या ताटातल्या कित्येक वस्तू नाकारल्या. विनोदकार आणि कार्यकर्ते डिक ग्रेगरी यांनी 1973 साली शाकाहाराची बाजू मांडताना याच जेवणावर टीका केली. त्यांचा मुद्दा असा की धन्याने फेकलेले खाऊन जगावे लागले, ही लाज आहे. तिला परंपरा म्हणू नये. हा आक्षेप मी सर्वांत गंभीरपणे घेतो, कारण तो बाहेरच्यांचा नाही. तरी त्यात एक गोष्ट सुटते असे मला वाटते. फेकलेले मिळाले ते मांसाचे हाड. बाग त्यांनी स्वतः केली, रविवारच्या विश्रांतीतून वेळ काढून केली. हाडातून चव काढण्याची युक्ती त्यांची, रस न टाकण्याचा निर्णय त्यांचा. टंचाई लादणाऱ्याला या पदार्थाचे श्रेय देऊ नये आणि पदार्थ करणाऱ्याला त्या टंचाईची लाज वाटायला लावू नये.

आता मूळ प्रश्न: इतका वेळ का शिजवायचे? नेहमीचे उत्तर असे की पान चिवट आहे, म्हणून. हे उत्तर अपुरे आहे, आणि ते अपुरे आहे हे सिद्ध करायला ब्राझील पुरे. तिथे फेज्वादा या काळ्या राजम्याच्या कालवणाबरोबर याच कुळातले पान वाढतात. देठ काढतात, पाने एकावर एक रचून घट्ट गुंडाळी करतात आणि केसासारखी बारीक चिरतात. मग लसणाच्या तेलात दोन-तीन मिनिटे परतले की झाले. चिवटपणा नावालाही राहत नाही. आगीचे काम तिथे सुरी करते. हाखही कोवळ्या पानांचे असले तर उघड्या भांड्यात, खळखळत्या पाण्यात, वीस मिनिटांच्या आसपास होते. म्हणजे कॉलर्ड दोन तास शिजवलेच पाहिजे असा निसर्गाचा काही नियम नाही. दक्षिणेतल्या स्वयंपाकात तो वेळ पान मऊ करण्यासाठी जेवढा जातो, त्याहून जास्त रस घडवण्यासाठी जातो. हे लक्षात आले की सगळा हिशेब बदलतो. कोबीवर्गातल्या पानात गंधकयुक्त कडसर द्रव्ये असतात. मंद आचेवर ती हळूहळू पाण्यात उतरतात. त्या पाण्यात हाडाचे मीठ, चरबी आणि धुराचा वास आधीच असतो. मीठ कडूपणा दाबते हे प्रत्येक सुगरणीला ठाऊक आहे. चरबी त्याला गोलाई देते. हाडाभोवतालच्या कातडीतले आणि शिरांतले कोलॅजन दीड-दोन तासांत विरघळते आणि पाण्याला ओठांना किंचित चिकटणारा दाटपणा येतो. पानातून निघालेला कडूपणा वाया जात नाही, तो रसाला आमटीसारखी खोली देतो. वीस मिनिटांत पान मऊ होईल, पण हा रस होणार नाही. ब्राझीलचा पदार्थ चांगला आहेच, काश्मीरचाही आहे. ते वेगळे पदार्थ आहेत एवढेच.

या वेळात रंग जातो, हे खरे. पानाच्या हिरव्या द्रव्यातला मॅग्नेशियमचा अणू शिजताना पानातल्याच आम्लामुळे निघून जातो आणि लख्ख हिरवा रंग काळपट, ऑलिव्हसारखा होतो. चिमूटभर खायचा सोडा टाकला तर तो टिकतो, आणि पूर्वी काही घरांत टाकतही. मी त्याच्या विरुद्ध आहे: सोड्याने पानाचा लगदा होतो, हाताला साबणासारखा बुळबुळीत लागतो आणि जीवनसत्त्वांचे नुकसान वाढते. शिजलेल्या ग्रीन्सचा काळपट रंग हा दोष नाही. कटाची आमटी पिवळी धमक दिसावी अशी अपेक्षा कोणी करत नाही.

जीवनसत्त्वांचा आक्षेप मात्र रंगासारखा झटकून टाकता येत नाही. अमेरिकी कृषी खात्याच्या पोषणतक्त्यांत 100 ग्रॅम कच्च्या कॉलर्डमध्ये सुमारे 35 मिलिग्रॅम ‘क’ जीवनसत्त्व आहे. उकळून पाणी निथळलेल्या कॉलर्डमध्ये ते साधारण निम्म्यावर, 18 मिलिग्रॅमपर्यंत येते. ही नोंद नेहमीच्या उकळण्याची आहे. दोन तासांत घट याहून मोठी होणार, आणि ‘क’ जीवनसत्त्व उष्णतेने नष्ट होते, ते रसातही पूर्ण सापडणार नाही. इथे दक्षिणी रीतीची बाजू घेणाऱ्याने सरळ कबूल करावे की ही किंमत मोजावी लागते. पण त्याच तक्त्यातली पुढची ओळही वाचली पाहिजे. कच्च्या पानात 100 ग्रॅमला सुमारे 232 मिलिग्रॅम कॅल्शियम आहे, आणि उकळून निथळलेल्या पानात सुमारे 141. कॅल्शियम जळत नाही, वाफ होऊन उडत नाही. काही घट शिजलेल्या पानाने पाणी शोषल्यामुळे दिसते, आणि बाकीचे पाण्यात उतरते. तक्ता ते पाणी मोजत नाही, कारण तक्ता करणाऱ्यांनी ते निथळून टाकले आहे. बरोबर तिथेच या आक्षेपाची चूक आहे: पाण्यात विरघळणारी सत्त्वे ‘गेली’ असे तो म्हणतो, आणि ती जिथे गेली तो वाडगा त्याच्यासमोर ठेवलेला असतो. पालकापेक्षा कॉलर्डमध्ये ऑक्झलेट फार कमी असल्यामुळे त्याचे कॅल्शियम शरीराला चांगले लागते, हीदेखील एक जमेची बाजू. रस न टाकण्याची जी सवय गुलामांच्या खोपटांत टिकली तिला जीवनसत्त्वांचा सिद्धांत माहीत नव्हता, पण सिद्धांताच्या दृष्टीनेही ती बरोबर होती. (एक सूचना इथेच केलेली बरी: या पानात ‘के’ जीवनसत्त्व भरपूर असते. रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफरिन घेणाऱ्यांनी ग्रीन्स नेमाने खायला लागण्याआधी डॉक्टरांशी बोलावे.)

राहिला डुकराचा आणि मिठाचा प्रश्न. पारंपरिक भांड्यात हॅम हॉक असतो, म्हणजे डुकराच्या पायाचा घोट्याजवळचा, खारवून धुरावलेला तुकडा. किंवा मानेची हाडे, किंवा खारवलेली चरबी. त्यात मीठ फार असते आणि उच्च रक्तदाब हा कृष्णवर्णीय अमेरिकनांचा मोठा आजार आहे, त्यामुळे ही चिंता रास्त आहे. तिला उत्तर त्याच समाजातल्या घरांनी दिले आहे: आज असंख्य घरांत हॉकच्या जागी टर्कीचा धुरावलेला पंख किंवा मान पडते, आणि कोणी असे म्हणत नाही की हे आता ग्रीन्स राहिले नाहीत. कारण भांड्याला हवे असतात मीठ, धूर, चरबी आणि दाटपणा. डुक्कर हा ते चारही एकदम देणारा सोपा मार्ग. याच्याही पुढे मेम्फिसमध्ये वाढलेले कृष्णवर्णीय शेफ ब्रायंट टेरी गेले. 2009 च्या ‘व्हेगन सोल किचन’मध्ये त्यांनी कॉलर्डची बारीक पाने थोडा वेळ उकळून, मनुका आणि संत्र्याच्या रसात परतली. त्यांचा हक्क पूर्ण आहे आणि पदार्थ रुचकर आहे. माझा मुद्दा त्याने खोडला जात नाही, कारण त्यात रसाचे भांडे नाही. तो ब्राझीलच्या रांगेत बसतो. शाकाहारी मराठी घराला रसासकट ग्रीन्स हवे असतील तर वाट वेगळी आहे. कांदा चांगला तपकिरी होईपर्यंत भरपूर तेलात परतावा, धुरावलेल्या मिरचीची पूड म्हणजे स्मोक्ड पॅप्रिका घालावी, आणि पाण्याऐवजी चवळी शिजवलेले पाणी वापरावे. चवळीच्या पाण्यातला पिठूळपणा कोलॅजनची जागा बऱ्यापैकी भरून काढतो. शेवटी पातेल्यात वाटी ठेवून निखाऱ्याचा धुंगार दिला तरी चालेल, मात्र बेताने. धूर चुलीवरच्या हाडाचा हवा, पुलावाचा नको.

कृतीत सविस्तर मापे असतीलच. इथे फक्त त्यांमागची कारणे. सहा माणसांना दीड ते दोन किलो पाने लागतात. आकडा पाहून घाबरू नये, शिजून ती पातेल्याच्या तळाशी बसतात. पाने धुणे हे या कृतीतले सर्वांत कंटाळवाणे आणि सर्वांत महत्त्वाचे काम. वालुकामय जमिनीतल्या पानांच्या सुरकुत्यांत रेती अडकते. मोठ्या टोपात पाणी भरून पाने त्यात बुडवावीत, हलवावीत आणि वर उचलून घ्यावीत. पाणी ओतू नये, नाहीतर तळाची रेती पुन्हा पानांवरच पडते. तीन पाणी तरी हवीत. शेवटच्या पाण्याच्या तळाला बोट लावून पाहावे. मधला जाड देठ ओढून काढावा, पाने रचून गुंडाळावीत आणि बोटभर रुंद पट्ट्या चिराव्यात. त्याआधी मांस चढवलेले असते: दोन हॉक किंवा टर्कीचे दोन पंख, तीन लिटर पाणी, एक कांदा, चार पाकळ्या लसूण, अर्धा चमचा लाल मिरचीचे तुकडे. हॉक असेल तर दीड तास, टर्की असेल तर तासभर, मंद आचेवर. हा क्रम उलटा करू नये. मांस आणि पाने एकदम टाकली तर पाने शिजतात तेव्हा पाणी अजून पाणीच असते. आधी रस तयार झाला तर पाने त्याच्यात शिजतात. पाने मूठमूठ घालत जावीत, एक मूठ बसली की दुसरी. पुढे पाऊण तास ते दीड तास. जून पानांना जास्त, दंव खाल्लेल्या कोवळ्यांना कमी. वेळ घड्याळाने ठरवू नये. पान दोन बोटांत दाबल्यावर तुटावे, पण त्याचा लगदा होऊ नये. मीठ सगळ्यांत शेवटी, कारण हाडातून किती उतरले हे तोपर्यंत कळत नाही. सफरचंदाचा शिरका म्हणजे सायडर व्हिनेगरही शेवटी. आम्ल लवकर घातले तर पानाच्या पेशींच्या भिंती मऊ व्हायला अडतात, आणि तासभर उकळूनही पान अडून बसते. गॅस बंद करताना एक चमचा घातला की रसातली चरबी जिभेवरून हलकी होते. साखरेची चिमूट घालायची की नाही यावर घराघरांत मतभेद आहेत. दंवानंतरच्या पानांना ती लागत नाही, असे माझे मत.

वाढताना खोलगट वाडगा घ्यावा, ताट नव्हे. पाने, त्यांवर हाडावरून सुटलेले मांस, आणि मग ती बुडतील इतका रस. बाजूला तापलेल्या बिडाच्या तव्यात भाजलेला मक्याचा ब्रेड आणि हिरव्या-लाल मिरच्या मुरवलेल्या शिरक्याची बाटली. नववर्षाच्या पहिल्या दिवशी दक्षिणेत हेच ग्रीन्स चवळी-भाताबरोबर वाढतात. पाने म्हणजे नोटा आणि चवळी म्हणजे नाणी, वर्षभर पैसा राहावा म्हणून. ती चवळीही पश्चिम आफ्रिकेतून गुलामांच्या जहाजांबरोबर तिथे पोचली. आणि त्याच आफ्रिकेतून, वेगळ्या वाटेने आणि फार आधी, आपल्याकडे आली.

जेवणानंतर पातेल्यात रस उरेल. उरावाच, तीन लिटर पाणी त्यासाठीच घेतले होते. गाळून बरणीत भरून फ्रिजमध्ये ठेवावा. सकाळी वर चरबीचा पांढरा थर घट्ट झालेला दिसेल. ज्यांना तो नको त्यांना तो चमच्याने अखंड उचलता येतो. खालचा रस जेलीसारखा थरथरला तर हाडाने आपले काम नीट केले असे समजावे. तो तीन-चार दिवस टिकतो. दुसऱ्या दिवशी त्यात भिजवलेली चवळी शिजवावी, वेगळे मीठ न घालता.